पुस्तकातला पाहुणा

व्हिडिओ गेमची गाईडं छापून विकली जायची, असं आता कोणाला सांगितलं तर लोक माझ्याकडे दया आल्यासारखे बघतात. पण विकली जायची, आणि चांगली खपायची. एका हातात खेळाची डबी आणि दुसऱ्या हातात त्या खेळातून पार कसं पडायचं ते सांगणारं पुस्तक, असं घेऊन माणसं दुकानातून बाहेर पडायची. ती पुस्तकं मी लिहायचो. एकोणीस वर्षं लिहिली. आता वॉशिंग मशीनसोबत येतात त्या माहितीपुस्तिका लिहितो. त्या कोणी उघडत नाही, म्हणून माझ्यामुळे कोणी फसतही नाही. या वयात मला तेवढं पुरतं.

मी लागलो तेव्हा गाईड म्हणजे चाळीस काळी-पांढरी पानं आणि मध्ये दोन पिना. पडद्याचे फोटो काढायला टीव्हीसमोर तिपाईवर कॅमेरा, चकाकी येऊ नये म्हणून दोघांवर काळं कापड, आणि त्या कापडाखाली घामाने निथळणारा मी. नकाशे हाताने काढायचे, ट्रेसिंग पेपरवर. पुढे पानं रंगीत झाली, मग गुळगुळीत झाली, मग पुस्तक इतकं जाड झालं की दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अडकवायला चालायचं. आमच्या ऑफिसात अडकवलेलंच होतं. शेवटी लोक तीच माहिती इंटरनेटवर फुकट टाकू लागले आणि आमच्या धंद्याला घरघर लागली. ही त्या घरघरीच्या काळातली गोष्ट.

बाहेरच्यांना वाटायचं, हा दिवसभर खेळतो आणि वर पगार घेतो. एकदा येऊन बघायला हवं होतं. पुस्तक खेळाबरोबर त्याच दिवशी दुकानात लागायचं, म्हणून खेळ पुरा होण्याआधीच आमच्याकडे यायचा. त्याच्याबरोबर खेळ बनवणाऱ्या कंपनीचा एक माणूसही यायचा, राखणीला. खोलीला आतून कडी, खिडकीच्या काचांना कागद, आणि तो माणूस कोपऱ्यात खुर्ची टाकून माझ्या पाठीवर डोळे लावून बसलेला. एकवीस दिवसांत सगळा खेळ खेळायचा, मोजायचा आणि लिहायचा. खेळ अर्धवट असल्यामुळे कधी शत्रूंना डोकी नसायची, कधी मी भिंतीतून आरपार जाऊन कुठल्याशा पोकळीत पडायचो आणि चार तासांचं काम पाण्यात जायचं. एकविसाव्या दिवशी अंगठे सुजलेले घेऊन घरी आलो की बायको विचारायची, "मग, जिंकलास का?"

आणि प्रत्येक पुस्तकात एक पाहुणा असायचा. हा आमच्या ऑफिसातला शब्द. पाहुणा म्हणजे खेळात नसलेली, पण पुस्तकात मुद्दाम घातलेली एक गोष्ट. दुसऱ्या प्रकाशकाने आमचं पुस्तक ढापलं, तर पाहुणाही त्याच्या पुस्तकात जाऊन बसायचा आणि चोर आयता सापडायचा. पाहुणा कुठे बसवलाय ते फक्त लिहिणाऱ्याला आणि मालकांना ठाऊक. एका कागदावर लिहून, तारीख घालून, पाकीट चिकटवून ते मालकांच्या कपाटात जायचं. घरीसुद्धा सांगायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा असा की पाहुणा फुटकळ हवा. तळघराच्या कोपऱ्यात एक जास्तीचं मडकं, पडक्या घरात एक नसलेलं नाणं. वाचणाऱ्याला नाही सापडलं, तर त्याने मरू दे म्हणून पुढे जावं.

ज्याची ही गोष्ट, त्या खेळाच्या वेळी मी हा दुसरा नियम मोडला. मुद्दाम नाही, थकून. विसावा दिवस होता आणि पाहुणा सोडून सगळं लिहून झालं होतं. खेळात एक बंदर होतं आणि बंदराच्या धक्क्यावर एक म्हातारा नावाडी पाठमोरा बसलेला असायचा. कशालाच उत्तर द्यायचा नाही. त्याच्याकडे बघता बघता मी लिहून टाकलं: "एकही बटण न दाबता या नावाड्याशेजारी अख्खी रात्र बसून राहिलात, तर कधी कधी तो उठतो आणि आपलं नाव सांगतो." खेळातली रात्र आपल्या घड्याळाने चाळीस मिनिटांची. मालकांनी कागद वाचला, म्हणाले, "छान आहे रे," आणि पाकीट चिकटवलं. मडक्यासाठी कोणी चाळीस मिनिटं बसत नाही, पण या म्हाताऱ्यासाठी लोक बसतील, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. शिवाय त्या "कधी कधी"मुळे हे खोटं आहे असं कोणाला छातीठोकपणे म्हणताही येईना. थकलेल्या माणसाने चांगलं काही लिहायला जाऊ नये.

आता माझ्या वडिलांबद्दल. बाबा सरकारी लिफ्ट तपासनीस होते, चौतीस वर्षं. लिफ्टमध्ये काचेखाली जो दाखला लावलेला असतो, त्यावर त्यांची सही असायची. वर मोटारीच्या खोलीत चढून, खाली खड्ड्यात उतरून, दोर स्वतःच्या हाताने चाचपल्याशिवाय त्यांनी एका चौकोनात टिक केली नाही. इमारतवाले विनवण्या करायचे, साहेब डोळे वटारायचे. एकदा तर आमच्या सख्ख्या मामाने गळ घातली, "भाऊजी, बसल्या जागी करा की सही." बाबा उठले आणि सोळा मजले चढून गेले. मामा त्यानंतर दोन वर्षं आमच्या घरी फिरकला नाही.

माझ्या कामाबद्दल त्यांचं एकच मत होतं. "गाईड परीक्षेचं असतं," ते म्हणायचे. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. एका संध्याकाळी सहज म्हणून त्यांनी ते नावाड्याचं पुस्तक उचललं आणि मग खालीच ठेवेनात. पुस्तकाच्या शेवटी यादी होती, खेळात शोधायच्या तीनशे बारा गोष्टी, आणि प्रत्येकीपुढे एक रिकामा चौकोन. रिकामा चौकोन दिसला की बाबांना राहवत नाही.

"या सगळ्या तू पाहिल्यास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"स्वतः?"

"हो बाबा. स्वतः."

ते पेन्सिलीला टोक काढून टीव्हीसमोर बसले. पहिला आठवडा एकाच खंदकात पडत होते. दर वेळी पडल्यावर मला हाक मारून सांगायचे, "या खड्ड्याला कठडा नाही. कोणी परवानगी दिली याला?" पण चिकाटी दांडगी. रोज पाच ते सात खेळायचे. मी घरी आलो की चपला काढायच्या आत दिवसभरातल्या टिका वाचून दाखवायचे, आणि मी "तो पूल सापडला का? त्याच्या खाली बघा," असं काहीबाही सांगायचो. एरवी आमच्यात बोलण्यासारखं फारसं काही नव्हतंच. मला फार बरं वाटायचं, पण ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. आठ महिन्यांत तीनशे अकरा टिका झाल्या. उरला नावाडी.

मग बाबा रोज संध्याकाळी चाळीस मिनिटं त्याच्याशेजारी बसू लागले. कंट्रोलर लांब टेबलावर, चुकून बोट लागायला नको म्हणून, आणि हात मांडीवर. पडद्यावर एक म्हातारा पाठमोरा आणि इकडे खुर्चीत एक म्हातारा पाठमोरा. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचो. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण नियम होता. आणि खरं सांगायचं तर मी नियमाच्या आडोशाला लपत होतो. "स्वतः?" असं त्यांनी विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. ते परत घ्यायची माझी हिंमत होत नव्हती.

इकडे ऑफिसात पत्रांचा ढीग लागला. नावाडी उठत नाही, नावाडी उठत नाही, हेच सगळ्यांचं म्हणणं. एकाने त्याच्यासाठी चक्क रजा काढली होती. वाचकांची पत्रं सांभाळणाऱ्या बाईंना आम्ही टपालबाई म्हणायचो. त्यांना पाहुण्यांबद्दल काही माहीत नव्हतं, त्या बिचाऱ्या रोज मला विचारायच्या, "काय उत्तर देऊ?" मालकांनी मला खोलीत बोलावून फैलावर घेतलं. "एक मडकं ठेवायला काय धाड भरली होती तुला?" त्या दिवशी जेवताना मी वैतागून बायकोला म्हणालो, "त्या नावाड्यापायी मला घरी बसवणार बहुतेक." बाबा शेजारीच जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

चार दिवसांनी त्यांनी मला पुस्तक उघडून दाखवलं. शेवटच्या चौकोनात टिक होती.

"उठला?" मी विचारलं.

"उठला."

"काय नाव सांगितलं?"

"अक्षरं भरभर गेली. वाचता नाही आलं."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि कपाटात ठेवून दिलं. मी मनाशी म्हटलं, डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल, या वयात होतं असं. तसं समजणं माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी तसं समजलो.

पुढे दीड-दोन वर्षं गेली. ऑफिसातल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या आणि आम्ही नऊ जण उरलो होतो. अशात दुसऱ्या एका प्रकाशकाने वीस खेळांचं एकच जाडजूड पुस्तक काढलं. मालक ते घेऊन जवळजवळ धावतच माझ्या टेबलाशी आले. आमचे नकाशे जसेच्या तसे होते, आणि बंदराच्या पानावर नावाडी. "कधी कधी"सकट.

"सापडला," मालक म्हणाले. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "हे प्रकरण उभं राहिलं ना, तर आपण नऊ जण तगलो म्हणून समज."

वकीलबाईंनी पाकीट घेतलं, नोटीस गेली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. समोरच्यांचं म्हणणं असं की नावाडी खोटा नाहीच, आम्ही स्वतः खेळून तो पाहिला. तो खरोखर उठतो आणि तुमच्याच कागदावर तसं छापलेलं आहे. वकीलबाईंनी माझ्यापुढे एक झेरॉक्स सरकवली. आम्ही वाचकांसाठी दर तीन महिन्यांनी एक चार पानी पत्रक काढायचो, त्यातलं पान होतं. ते टपालबाईच जुळवायच्या आणि आम्ही कोणी कधी वाचायचो नाही. तक्रारी करणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून टपालबाईंनी एक पत्र सहीसकट मोठ्या चौकटीत छापलं होतं.

"महोदय, मी सदर नावाड्याची सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांपासून पाच वाजून पन्नास मिनिटांपर्यंत प्रत्यक्ष तपासणी केली. तो उठतो. लेखकाच्या माहितीत दोष नाही."

खाली हुद्दा होता, निवृत्त लिफ्ट तपासनीस. आणि ती सही मी लहानपणापासून गावभरच्या लिफ्टमध्ये पाहत आलो होतो.

"खेळ बनवणारी कंपनी विकली गेली," वकीलबाई सांगत होत्या. "त्यातली माणसं कुठे पांगली पत्ता नाही. त्यामुळे हा एक वाचक आणि आपलं पाकीट, एवढंच उरतं. याला शोधा. मी हे पाहिलं नव्हतं, असं त्याने लिहून दिलं तर ठीक. नाहीतर सोडून द्या."

"शोधायला नको," मी म्हणालो. "माझे वडील आहेत."

मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बघ बाबा," ते म्हणाले. "मी तुला जा म्हणणार नाही आणि नको जाऊस असंही म्हणणार नाही."

घरी चालत गेलो. चाळीस मिनिटांचा रस्ता होता. विचारलं नाही तर आठ जण आणि मी घरी बसणार. विचारलं, तर ज्या माणसाने आयुष्यात खोटी टिक केली नाही त्याला सांगायचं की तुम्ही खोटं बोललात, आता तसं लिहून द्या. आणि त्याच्याआधी हे सांगायचं की खोटं पहिल्यांदा मी बोललो. दोनदा मी उगाचच दुकानांच्या काचांसमोर थांबलो.

बाबा खिडकीशी वर्तमानपत्र पसरून नखं कापत होते. मी उभ्यानेच सुरुवात केली, बसलो असतो तर बोललोच नसतो.

"बाबा, तो नावाडी उठत नाही."

त्यांचा हात थांबला. "मला नाही दिसला उठताना," ते हळू म्हणाले. "तिसाव्या-पस्तिसाव्या मिनिटाला माझे डोळे मिटायचे. तेवढ्यात उठून परत बसत असणार."

"डोळ्यांचा प्रश्न नाही. तो उठतच नाही. कोणासाठीच नाही. मी तो मनाने घातलाय."

"मनाने म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं. पाहुणा, पाकीट, नियम, चोरी. लिफ्टला अपघात झाल्यावर ते तिथल्या रखवालदाराचं म्हणणं ऐकून घ्यायचे, तसं त्यांनी माझं ऐकून घेतलं.

"मी सतरा संध्याकाळी बसलो," ते म्हणाले.

"हो."

"आणि तू मागे दारात असायचास."

"हो."

"मला वाटलं, माझी नजर गेली. तुला न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. चष्म्याचा नंबर तोच निघाला."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विचारलं, "मग पत्र का लिहिलंत?"

"तुला घरी बसवणार होते. आणि तू म्हणाला होतास की सगळं पाहिलंय. मला वाटलं, मला नाही दिसलं पण याने पाहिलंय ना." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घालायला घेतली. "चौतीस वर्षांत दुसऱ्याच्या तपासणीवर मी कधी सही केली नाही. तुझ्यावर केली."

मला रडू आलं. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, वडिलांसमोर उभा राहून रडलो. "चुकलं माझं," एवढंच म्हणता आलं. त्यांनी ते ठीक आहे म्हटलं नाही, आणि जवळही घेतलं नाही. घडी घालत राहिले.

"तुम्ही काही लिहून देऊ नका," मी नाक पुसत म्हणालो. "मी मालकांना सांगतो, सोडून देऊ."

"किती माणसं आहात म्हणालास?"

"नऊ."

"कागद आण."

ते टेबलाशी बसले आणि एकटाकी लिहिलं. मग मला वाचून दाखवलं. "मी सदर नावाडी उठताना पाहिलेला नाही. माझे आधीचे पत्र खोटे आहे. ते लिहिण्यास मला कोणीही सांगितले नव्हते."

"मुलाची नोकरी जाईल म्हणून लिहिलं, एवढं तरी घाला."

"ते कारण झालं. दाखल्यात कारण लिहीत नाहीत." त्यांनी सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

त्या कागदावर आम्ही प्रकरण जिंकलो आणि आम्हा नऊ जणांच्या नोकऱ्या आणखी चौदा महिने टिकल्या. मग सगळंच बंद पडलं. पण त्या संध्याकाळी बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत.

"अजून एक कागद दे," ते म्हणाले. "खात्याला कळवायला हवं."

"कसलं खातं?"

"माझं. तपासनिसाची एक सही न पाहता केलेली निघाली, तर बाकीच्या सगळ्यांची फेरतपासणी करतात. नियम आहे."

"बाबा, तो खेळ होता हो! लिफ्ट नव्हती. आणि तुम्हाला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली."

"सही माझीच होती ना?"

त्यांनी पेन हातात धरलं, पण मघाच्या लिहिण्यानेच बोटं आखडली होती. जरा वेळ त्यांनी प्रयत्न केला, मग पेन माझ्या हातात दिलं. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्या वर्षापासून आठवायला सुरुवात केली.

"टाकीसमोरची सहा मजली इमारत. दोन लिफ्ट," ते म्हणाले. "दोन्ही उत्तम होत्या. पण तसं लिहू नकोस. नुसता पत्ता लिही."